बाईंचा बोलका

मित्रांनो, वडीगोद्रीला हायवेच्या कडेला, पंक्चरच्या दुकानाशेजारी, हिरव्या शटरच्या आत एक कॉम्प्युटर बसायचा ना, तो मीच. आताच्या पोरांना मी खटारा वाटतो. वाटू दे! माझा पडदा मागून एवढा फुगलेला, की टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढावं लागतं. आणि मी सुरू होईपर्यंत चहा उकळून पिऊनही होतो. पण मी बोलायचो बरं का. आमच्या रस्त्यावर बोलणारा कॉम्प्युटर दुसरा नव्हताच.

मला कुठल्या कारखान्यात जुळवलं ते काही आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती गोपिकाबाईंपासून. बाई आधी अंबडला टायपिंग शिकवायच्या. अर्ध्या तालुक्याच्या बोटांना त्यांनी वळण लावलं. मान खाली घालून कळा बघणारा पोरगा दिसला, की त्याच्या हातांवर फडकं टाकायच्या आणि म्हणायच्या, "बोटालाच बघू दे रे, तू कशाला बघतोस?"

पुढे काचबिंदूनं त्यांचीच नजर गेली. नोकरी सुटली. पण घरात बसून लेकीच्या जिवावर खायचं, हे त्यांना कसं पटणार? त्यांनी हे दुकान थाटलं आणि मला टेबलावर बसवलं. लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे, एवढंच काम. बोटं झरझर चालायची. पण एखादी कळ चुकली, तर ते त्यांना कळायचं कसं?

तेव्हा बुद्धभूषण धावून आला. फडक्याखाली शिकलेल्या पोरांपैकी हा एक. आता जुन्या जालन्यात राहतो, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. बाईंसाठी त्यानं महिनोन्‌महिने खपून एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'बोलका'. कळ दाबली की मी अक्षर म्हणायचं, ओळ संपली की ओळ वाचून दाखवायची. पहिल्या दिवशी बाईंनी स्वतःचं नाव टाइप केलं आणि मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "गोपिका." बाई हसता हसता रडायला लागल्या. काय सांगू मित्रांनो, त्या दिवशी मला माझाच केवढा अभिमान वाटला!

बुद्धभूषणनं 'बोलका' स्वतःपुरता ठेवला नाही. सगळ्या जगाला उघडा करून टाकला. कुणीही न्यावा, आत काय लिहिलंय ते बघावं, सुधारावा, पुढे द्यावा. कुठले कुठले अनोळखी लोक हौसेनं मदतीला आले. अंधशाळांमधली पोरं तो वापरू लागली. आणि आमचं दुकान? सकाळपासून माणूस उभा. वाचता येणारे आपापलं मोबाइलवर उरकायचे. बाईंकडे यायचे ते वाचता न येणारे. त्यांचा अर्ज मी मोठ्यानं वाचायचो आणि ते मान डोलवायचे, "हां, बराबर हाय."

पण दिवस सारखे राहत नाहीत. नवी यंत्रं आली. 'बोलका'त एक गोष्ट सुधारली, की नव्यावर ती सुरळीत चालायची आणि माझ्यासारख्या जुन्यावर अडखळायची. मग आमच्यासाठी ती वेगळी लिहा, वेगळी तपासा. हौसेचे लोक कंटाळून एकेक करून निघून गेले. शेवटी बुद्धभूषणनं इंटरनेटवर विचारलं, "जुन्या कॉम्प्युटरवर 'बोलका' अजून कुणी वापरतं का? वापरत असाल तर कळवा." कुणीच कळवलं नाही. अहो, कळवणार कसं? आमच्या दुकानात इंटरनेट होतं कुठं?

तरीही तो बाईंना विचारायला आला. हे त्याचं चांगुलपण, मी नाकारणार नाही. दुपारची वेळ होती. त्याची हाक ऐकू आली तशी निवांत बोलता यावं म्हणून बाईंनी मला बंद केलं, वरून कापड ओढलं आणि त्याला खुर्ची दिली. आवाज ऐकूनच त्या म्हणाल्या, "किती थकलास रे! झोपतोस का न्हाई?"

"कुठली झोप बाई? कॉलेज करायचं, मंग घरी येऊन 'बोलका' करत बसायचं. प्रिया तर आता भांडत बी न्हाई, नुसती गप ऱ्हाती." प्रिया म्हणजे त्याची बायको. "अंधशाळेची पोरं नव्या 'बोलका'ची वाट बघून राह्यलीत. जुन्या मशिनींपायी सगळं अडकून पडलंय. जुन्यांचं बंद करावं म्हणतो. पण तुम्ही वापरता ना, बाई?"

बाईंनी माझ्यावरचं कापड आणखी खाली ओढलं. मग हसून म्हणाल्या, "मी? छे रे! मोनिकानं मोबाइल दिलाय, त्याच्यावरच भागतं माझं. हा तर पडूनच असतो. बिलकुल बंद कर. माझ्यापायी लेकरांचं नको अडवू."

खोटं! साफ खोटं! लेकीनं दिलेला मोबाइल साधा होता, नुसता बोलण्यापुरता. आणि मी त्या दिवशी सकाळपासून चालू होतो, माझी पाठ अजून गरम होती. त्यानं नुसता हात लावला असता तरी कळलं असतं. पण बाईंवर अविश्वास तो कसा दाखवणार? पाया पडला आणि निघून गेला. बाई कितीतरी वेळ कापडावर हात ठेवून बसल्या होत्या. भीड, दुसरं काय! आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होऊ नये, ही त्यांची जन्माची खोड.

जुन्या यंत्रांसाठी 'बोलका' सुधारणं बंद झालं. तरी माझ्यात जुना 'बोलका' होता, तो चालतच राहिला. मला वाटलं, निभावलं. पण पावसाळ्याच्या तोंडी माझी हार्ड डिस्क गेली. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भुजंग मिस्त्रीनं नवी बसवली आणि आपल्या मोबाइलचं इंटरनेट जोडून 'बोलका' उतरवायला गेला, तर उत्तर आलं: ह्या कॉम्प्युटरवर 'बोलका' आता चालणार नाही. जुना 'बोलका' वेबसाइटच्या मागच्या कुठल्याशा पानावर ठेवलेला होता, पण ते भुजंगला काय ठाऊक? "बाई, बाकी सगळं चालू झालं, पण ह्याची वाचा गेली," तो म्हणाला.

"बुद्धभूषणला फोन लावा की," शेजारची शीतल म्हणाली. ती कपडे शिवायची, बाईंचा तिच्यावर फार जीव.

"कोणत्या तोंडानं लावू? वापरत न्हाई म्हून मीच सांगितलं त्याला. आता लावला तर जिवाला लावून घेईल. राहू दे."

बाई तशाच टाइप करत राहिल्या. कळ दाबायच्या आणि कान माझ्याकडे करायच्या. मित्रांनो, त्यांनी चुकीची कळ दाबलेली मला दिसत होती, पण सांगता येत नव्हतं. त्याहून मोठं दुःख मला माहीत नाही. मेंढरं राखणाऱ्या अप्पारावांच्या अर्जात त्यांचं आडनावच चुकलं. अर्ज परत आला. अप्पाराव रागावले नाहीत. "असू द्या बाई, होतं माणसाकडून," म्हणाले आणि पुढच्या दुकानात गेले. ते रागावले असते, तर बरं झालं असतं. बाईंनी त्या आठवड्यातच शटर खाली ओढलं. मोनिका येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. मी शीतलच्या माळ्यावर गेलो, चिंध्यांच्या गाठोड्यांत.

दिवाळीनंतर बुद्धभूषण बाईंना भेटायला आला. त्यांच्या जागी मोबाइलच्या कव्हरचं दुकान होतं. शीतलनं त्याला सगळं सांगितलं. तो पायरीवर बसला आणि हायवेवरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर लहान पोरासारखा रडला.

मला त्यानं जालन्याला नेलं, धूळ पुसली, जुना 'बोलका' घातला. अर्ध्या तासाचं काम होतं हो! माझी वाचा परत आली. त्यानं लगेच बाईंना फोन लावला आणि माझ्यापाशी धरून त्यांचं नाव टाइप केलं. मी सगळा जीव एकवटून म्हणालो, "गोपिका."

मग बुद्धभूषणनं फोन स्वतःच्या कानाला लावला.

"बाई, चला ना परत. मी घ्यायला येतो. जागा बघतो."

"नको रे," बाई म्हणाल्या. "आता बोटं विसरली माझी."

जन्मभराची बोटं अशी चार महिन्यांत विसरत नाहीत, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. तरी त्यानं फोन खाली ठेवला. बाई परत आल्या नाहीत.

बुद्धभूषणनं आता जुना 'बोलका' पहिल्याच पानावर, मोठ्या मराठी अक्षरांत ठेवलाय. तो आता थकला तर थकलो म्हणतो, पण उत्तर आलं नाही म्हणजे गरज नाही, असं धरून चालत नाही. मी त्याच्या खिडकीशी बसलेला असतो. तो रोज मला पुसतो, पण माझ्यासमोर टाइप करायला कुणी बसत नाही.

मित्रांनो, जुनं कधीच बंद करू नका, असं मी म्हणणार नाही. राबणाऱ्या माणसालाही झोप हवी. पण बंद करायच्या आधी जे गप्प आहेत, त्यांच्या दारी जा आणि थोडा वेळ बसून त्यांचं काम बघा. आणि कुणी मायेनं विचारलं, की तुला हे अजून लागतं का, तर भिडेपोटी हसून नाही म्हणू नका रे. लागतं म्हणा. माझ्या बाईंना एवढा एक शब्द म्हणता आला नाही, आणि मी बोलका असून त्यांच्या वतीनं तो बोलू शकलो नाही.