आतला माणूस बोलतो का?

"अग्निशमन केंद्र, बोला," रंगनाथ म्हणाला आणि डाव्या हाताने रजिस्टर पुढे ओढले. दुपारचा एक वाजून दहा मिनिटे झाली होती.

पलीकडे एक बाई होती. बाथरूमचे दार आतून लागले आहे, आत बाई पडली आहे, लवकर गाडी पाठवा, असे ती एका दमात सांगत होती. अशा फोनवर काय विचारायचे ते रंगनाथला पाठ होते. सोळा वर्षे तो या टेबलावर बसत होता. त्याआधी गाडीवर होता, पण एका जळक्या जिन्यावर गुडघा गेला आणि त्याला टेबल मिळाले. गॅस चालू आहे का, आत लहान मूल आहे का, हे विचारून झाल्यावर त्याने नेहमीचा प्रश्न विचारला.

"आतला माणूस बोलतो का?"

"बोलत व्हत्या. इतका वेळ बोलत व्हत्या. आता नाय बोलत."

"इतका वेळ म्हणजे?"

"दोन-अडीच तास झालं."

"मग फोन आत्ता का करता?"

"त्याच नको म्हणल्या, भाऊ. किरकोळ हाय म्हणल्या."

आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. पण घाबरलेले आवाज सगळे सारखेच असतात, त्यामुळे त्याने तिकडे लक्ष दिले नाही. त्याने पत्ता विचारला. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. जेल रोड. सोसायटीचे नाव. बी विंग. दुसरा मजला.

"जिन्याच्या उजव्या हाताला," बाई म्हणाली. "फायर ब्रिगेडवाल्यांचं घर म्हणा, कोनीबी दाखवल."

रंगनाथने आपणच लिहिलेली ओळ वाचली.

"भागीबाई," तो म्हणाला, "मी रंगनाथ बोलतोय."

समोरच्या फ्लॅटमधल्या भागीबाईने अकरा वर्षांत त्याला कधी फोन केला नव्हता. काही हवे असले तर ती दारातून हाक मारायची.

त्याने घंटा दाबली. चंदर आणि बाकीचे तिघे धावत गाडीशी आले. चंदरने खिडकीतून हात पुढे करून पत्त्याची चिठ्ठी घेतली, वाचली आणि म्हणाला, "नाना, चल, बस गाडीत."

"फोनवर कोण बसेल?"

चंदर थांबला नाही. दुसरा ऑपरेटर रजेवर होता आणि साहेब महापालिकेत मीटिंगला गेले होते. गाडी गेली. रंगनाथ टेबलाशी बसून राहिला. एवढ्यात फोन वाजला. गंगापूर रोडवरून कोणी माणूस बायकोच्या बोटात अंगठी अडकली म्हणून विचारत होता. बोटाला दोरा घट्ट कसा गुंडाळायचा, त्याचे टोक अंगठीखालून कसे काढायचे आणि मग हळूहळू कसे सोडवत यायचे, हे रंगनाथने त्याला सगळे नीट समजावून सांगितले. आवाज जरासुद्धा हलला नाही. पुढे त्याला या गोष्टीचे फार नवल वाटत राहिले.

पावणेदोनला साहेब आले आणि स्वतः फोनवर बसले. रंगनाथ रिक्षाने थेट दवाखान्यात गेला. त्याची बायको छाया संध्याकाळी साडेपाचला गेली.

चारेक वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची झडप बदलली होती. तेव्हापासून रक्त पातळ होण्याची गोळी रोज चालू होती. ओल्या फरशीवर पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले आणि डोके नळावर आपटले. हाडाने तिला उठू दिले नाही. डोक्यातले रक्त हळूहळू साठत गेले. रंगनाथने काही विचारले नव्हते, तरी डॉक्टरांनी सांगितले, "ही गोळी चालू असली की डोक्याचा मार छोटा समजायचा नसतो. पेशंट बोलत असला तरी."

रंगनाथने मान हलवली. झडप बसवली तेव्हाही डॉक्टरांनी हेच सांगितले होते. ते दोघांनीही ऐकले होते.

*

छाया जाण्याच्या दोन वर्षे आधीची गोष्ट. एका कॉलनीत कोणाचा तरी पाळलेला पोपट पिंजऱ्यातून उडून अशोकाच्या झाडावर बसला होता. घरातल्या बाईने पाच वेळा फोन केला, रडली, नगरसेवकाचे नाव सांगितले. शेवटी रंगनाथने गाडी पाठवली. शिडी लावून पोपट उतरवत असतानाच अंबडच्या बाजूला एका भंगाराच्या गोदामाला आग लागली. जवळची गाडी पोपटाकडे होती, म्हणून लांबची पाठवावी लागली. गोदामाचा राखणदार आत झोपला होता. सावळीराम त्याचे नाव. रंगनाथने त्याला कधी पाहिले नव्हते, पण नाव रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने लिहिले होते.

तो आठवडाभर नीट जेवला नाही. मग त्याने साहेबांना अर्ज करायचे ठरवले. किरकोळ कामासाठी गाडी बोलावणाऱ्याकडून शुल्क घ्यावे, म्हणजे लोक दहादा विचार करतील, असा अर्ज. सोबत किरकोळ काय काय ते सांगणारी यादी. छाया चांदवडच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, अक्षर मोत्यासारखे. रंगनाथचे अक्षर त्याच्याशिवाय कोणाला लागत नसे. म्हणून तो सांगत गेला आणि ती लिहीत गेली. मांजर, पोपट, कबूतर. बोटात अडकलेली अंगठी. खिडकीच्या जाळीत अडकलेले पोराचे डोके. कुकरचे झाकण.

"कुकरचं झाकण?" छाया हसायला लागली. "त्यालाबी बोलावतात?"

"तीनदा गेलीय गाडी."

"मग मी उगाच इतकी वर्षं उलथन्यानं ठोकत बसले."

यादीतली पहिली ओळ होती दाराच्या कडीची. दार आतून लागणे. सगळ्यात जास्त फोन त्याचेच. ती लिहून छायाने पेन उचलले.

"आन् आत कोणी पडलं असलं तर?"

"बोलतो ना तो? बोलत असला तर किरकोळ. सुतार बोलवायचा, नाहीतर घरच्यांची वाट बघायची."

"असंच लिहू?"

"असंच लिही."

तिने त्याच ओळीपुढे लिहिले, 'आतला माणूस बोलत असल्यास.'

त्यानंतर घरात ती एक गंमतच होऊन बसली. छायाला आंघोळीला वेळ लागला आणि रंगनाथने दार वाजवले की आतून उत्तर यायचे, "बोलतेय मी. किरकोळ."

*

तिसऱ्या दिवशी सावडून झाल्यावर भागीबाई येऊन भिंतीला टेकून बसली. तिचा मळा कधीच बिल्डरला गेला होता आणि मुलाने फ्लॅट घेतला होता, तरी ती अजून पहाटे उठून बाजारात भाजी घेऊन बसायची. छाया पडली त्या दिवशी पावणेअकराला उरलेली मेथीची जुडी द्यायला ती आली. बाहेरचे दार नुसते लोटलेले होते. आतून कण्हण्याचा आवाज आला.

छाया दाराला पाठ लावून खाली पडली होती, त्यामुळे दार ढकलता येत नव्हते. कडी वर होती, हात पोचत नव्हता. भागीबाई म्हणाली, दादांना फोन लावते. छाया म्हणाली, ड्यूटीवर ते मोबाईल कपाटात ठेवतात. मग ब्रिगेडला लावते. तेही नको. तीनला ते येतीलच, त्यांना शिडी लावून मागून यायचे कळते.

"मी दर थोड्या वेळानं हाक मारायची," भागीबाई सांगत होती. "त्या आतून म्हनायच्या, बोलतेय मी, किरकोळ हाय. आन् हसायच्या बी. म्हनून मला वाटलं, हसतात म्हंजी बऱ्या असतील."

रंगनाथ खाली बघत होता.

"मी लय येळा म्हनलं, बोलवू का गाडी? तर म्हनल्या, आपल्या दारात गाडी उभी राहायची आन् तिकडं कुठं खरीच आग लागायची. एक पोपट पुरे झाला, म्हनल्या." भागीबाईने त्याच्याकडे पाहिले. "दादा, ते पोपटाचं काय व्हतं? मला काय उमगलं नाय. डोक्याला लागलंय म्हनून बरळतात का काय, असं वाटलं. मंग आवाजबी बंद झाला, तवा फोन लावला."

"बरळत नव्हती," रंगनाथ म्हणाला.

त्याने तिला पोपटाची गोष्ट सांगितली. सावळीरामची सांगितली. यादीचे काही सांगितले नाही. भागीबाईने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "म्हंजी पुरत्या शुद्धीत व्हत्या."

"पुरत्या."

मुलगी निकिता पिंपळगावहून आली होती. तेराव्यानंतर ती वडिलांना बरोबर चला म्हणाली. द्राक्षाचा हंगाम होता, नवरा-बायको दोघेही पॅकहाऊसवर कामाला, घर दिवसभर मोकळेच असायचे. रंगनाथ म्हणाला, दोन वर्षे नोकरी राहिली आहे, ती होऊ दे. ती गेल्यावर तो प्रथमच बाथरूमचे दार लावून आंघोळीला गेला. चंदरने मागून शिडी लावून खिडकीच्या काचेच्या पट्ट्या काढल्या होत्या आणि आत उतरला होता. सगळ्या पट्ट्या वॉशिंग मशीनवर एकावर एक नीट रचून ठेवल्या होत्या. एकही फुटली नव्हती. कडी काढून बाहेर यायला सहा मिनिटे लागली, असे चंदरने रजिस्टरसाठी सांगितले होते. ते लिहिले मात्र साहेबांनी.

*

रंगनाथ महिनाभराने कामावर आला. सगळ्यांनी नजर चुकवून चहा दिला. आठवडाभरात साहेबांनी आत बोलावले आणि समोर एक पत्र ठेवले. वरून मंजुरी आली होती. किरकोळ कामांना शुल्क लावायचे ठरले होते.

"तुमचाच अर्ज आहे, रंगनाथराव," साहेब म्हणाले. "दोन वर्षं फिरला, पण झालं. फक्त सोबतची यादी कुठल्या तरी फाइलीत गहाळ झालीय. दुसरी प्रत असेल ना तुमच्याकडे?" मग त्यांना काहीतरी आठवले असावे. ते म्हणाले, "सावकाश द्या. महिनाअखेरपर्यंत चालेल."

प्रत होती. गॅसचे पुस्तक आणि लाइटची बिले ठेवायच्या पिशवीत छायाने कच्चा कागद जपून ठेवला होता. रंगनाथने तो केंद्रावर आणला आणि रजिस्टरच्या मागच्या पानात ठेवला.

त्याच आठवड्यात सिडकोतून फोन आला. नवरा बाथरूममध्ये अडकला आहे, कडी निघत नाही.

"आतला माणूस बोलतो का?" रंगनाथने विचारले. इतक्या वर्षांची सवय होती.

"हो, बोलतायत की. शिव्या देतायत."

त्याने गाडी पाठवली. अर्ध्या तासाने चंदर परत आला तो चिडलेलाच.

"नाना, आम्ही पोचलो तेव्हा तो टॉवेल गुंडाळून सोफ्यावर बसला होता. आम्हाला म्हणतो, आलाच आहात तर चहा घ्या. विचारायचं तरी, बोलतोय का."

"विचारलं होतं."

"मग?"

"बोलत होता म्हणूनच पाठवली."

चंदरने हेल्मेट खुंटीला लावले आणि टेबलाशी येऊन उभा राहिला. रजिस्टरमधून कागद बाहेर डोकावत होता. त्याने तो ओढून वाचला. अक्षर कोणाचे ते त्याला लगेच कळले. दर दिवाळीला डब्यावरच्या चिठ्ठीवर त्याने ते पाहिले होते.

"पहिली ओळ खोड आणि देऊन टाक, नाना," तो हळू म्हणाला.

"ही ओळ खोडली तर यादीत राहिलं काय? निम्मे फोन कडीचेच असतात. उद्या परत कुठे आग लागली आणि तू कोणाची कडी काढत बसलेला असलास, तर?"

"मग राहू दे ओळ."

रंगनाथने कागद त्याच्या हातातून घेतला.

"राहू दिली, तर ती वाचून आणखी कोणीतरी आतून हसत बसेल," तो म्हणाला. "दुसऱ्या कागदावर लिहायला रोज घेतो. खाली सगळं जमतं. मांजर, अंगठी, कुकर. पोपट तर मी डोळे मिटून लिहीन. त्या एका ओळीपुढे काय लिहायचं ते सुचत नाही."

फोन वाजला. चंदर गाडीकडे गेला. रंगनाथने कागद पुन्हा मागच्या पानात सरकवला आणि रजिस्टर पुढे ओढले.

आता तो प्रश्न दोन विचारतो. आतला माणूस बोलतो का, हा पहिला. त्याला कसली गोळी चालू आहे का, हा दुसरा. पुष्कळ लोक वैतागतात. दार अडकले आहे, गोळ्यांचे काय विचारता, म्हणतात.

महिनाअखेर होऊन तीन आठवडे झाले. साहेबांनी दोनदा निरोप पाठवला. यादी अजून द्यायची राहिली आहे.