झीलकरी

स्पीकर पाण्याच्या पिंपात पडला तरी अर्धी ओळ गातच होता. मग गुडगुड करून गप्प झाला. भीमराजनं ओले हात पायजम्याला पुसले आणि एक मोठं काम हातावेगळं केल्यासारखा तो पुन्हा दारात जाऊन उभा राहिला.

"थांबतच न्हाई त्यो," तो म्हणाला. "मानसाला जागा द्यावी का न्हाई?"

सून दिशा पिंपात कोपरापर्यंत हात घालून स्पीकर शोधत होती. तिच्या नवऱ्यानं, अमृतनं, तो परवाच शेवगावच्या बाजारातून आणला होता. सासरे घरात बसायला जागा मागताहेत की एस.टी.त, हे तिला कळलं नाही. त्यांच्या बोलण्याचा अर्थ लावणं घरानं केव्हाच सोडून दिलं होतं. चुलीपुढे बसलेल्या रंगुबाईनं मात्र भाकरी थापता थापता मान वर केली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

भीमराजचं विसरणं हळूहळू वाढत गेलं होतं. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. आधी थापी कुठे ठेवली ते विसरला, मग थापी कशाला म्हणतात ते विसरला, आणि यंदा बायकोला विसरला. तेही तिनं पचवलं असतं. पण ती ताट घेऊन पुढे आली की तो अदबीनं हात जोडायचा आणि म्हणायचा, नको बाई, माझं जेवण घरी हाय, बायको वाट बघत आसंल. मग दाराकडे निघायचा. या वयात नवऱ्यानं आपल्यासाठी उपाशी राहावं, हे भाग्य किती जणींच्या वाट्याला येतं, असं रंगुबाई दिशाला हसत सांगायची आणि आत जाऊन डोळे पुसायची. त्याच्या बरगड्या आता सदऱ्यावरूनही दिसू लागल्या होत्या.

अमृतनं नगरला अशा म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक जागा बघून ठेवली होती. पोरगा वाईट नव्हता. साखर कारखान्यातली पाळी सांभाळायची आणि घरी आलं की बापाला पाथर्डीच्या रस्त्यावरून शोधून आणायचं, यात तो पार पिचून गेला होता. रविवारपर्यंत आबा धड जेवले नाहीत तर सोमवारी न्यायचं, असं त्यानं सांगून टाकलं. रंगुबाईनं हो म्हटलं नव्हतं, पण नाही म्हणायला तिच्याकडे काही उरलंही नव्हतं. आणि आज रविवार होता.

गाण्यांचं सुचवलं होतं उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी, रश्मीताईंनी. सगळं पुसलं तरी गाणी मागे राहतात, पण ती त्या माणसाची स्वतःची हवीत, असं त्यांनी बजावलं होतं. अमृतला वाटलं, हे तर सोपं आहे. आबा सहादूच्या गायन पार्टीत होते, सगळा जन्म बाबासाहेबांची आणि बुद्धाची गाणी गाण्यात गेला. त्यानं तसली गाणी शोधून शोधून भरली. आवाज गोड होते, वाजवणारे तयारीचे होते. भीमराज पहिल्या ओळीला कान टवकारायचा, दुसऱ्या ओळीला तोंड उघडायचा आणि तिसऱ्या ओळीला त्याचा पारा चढायचा. आज तर त्यानं तो गाणारा डबाच बुडवला.

माणसाला जागा द्यावी का नाही. रंगुबाईचा हात भाकरीवरच थांबला.

तो झीलकरी होता. सहादू पुढे उभा राहून ओळ टाकायचा आणि थांबायचा. मागे उभे असलेले झीलकरी तिचं शेपूट उचलायचे, वर न्यायचे आणि पुन्हा सहादूच्या हाती द्यायचे. भीमराज कधी पुढे आला नाही. पत्रकावर सहादूचं नाव मोठ्या अक्षरात, आणि भीमराज 'आणि पार्टी' या दोन शब्दांत कुठेतरी. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. पण ओळ टाकल्याशिवाय झीलकरी गात नाही, आणि पुढचा थांबल्याशिवाय त्याला गाता येत नाही. या स्पीकरातल्या लोकांची झीलही त्यांचीच. त्यांना भीमराज नको होता.

सहादूला जाऊन बरीच वर्षं झाली होती. पार्टीचं गाणं कुणी कधी भरून ठेवलं नव्हतं. सहादूच्या ओळी आता एकाच माणसाला पाठ होत्या. पार्टीची तालीम यांच्याच अंगणात व्हायची, आणि चुलीपुढे भाकरी भाजणाऱ्या रंगुबाईनं सहादूची ओळ न् ओळ ऐकली होती. बायकांनी पार्टीत गायची तेव्हा रीत नव्हती. तिनं कधी भांडी घासतानाही आवाज मोठा केला नव्हता.

तिनं पिठाचे हात झटकले आणि ती अंगणात येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तिला सुनेची लाज वाटली, शेजारच्या ओट्यावर बसलेल्या भामाबाईचीही वाटली. लाज वाटतच तिनं तोंड उघडलं.

"शेवगावच्या बाजारातून पाटी आणली लेकीला..."

आवाज मध्येच चिरकला. भामाबाईनं निवडायचं सूप खाली ठेवलं. भीमराज रस्त्याकडेच बघत होता. रंगुबाईनं पुन्हा तीच ओळ घेतली, आणि या वेळी सहादू थांबायचा तिथेच ती थांबली. नुसती थांबली नाही, सहादूसारखाच उजवा हात मागे नेऊन तिनं ओळ मागच्यांना दिली.

भीमराज वळला. त्याचा हात आपोआप कानाशी गेला.

"पाटी आणली लेकीला, जी जी, पाटी आणली लेकीला!"

आवाज खणखणीत होता. इतके दिवस हा माणूस पाणी मागायलाही चाचरत होता. रंगुबाईला हुंदका आला, पण हुंदका द्यायची ही वेळ नव्हती. ओळ तिच्या हातात परत आली होती. तिनं पुढची टाकली, पाटीवर लेकीनं पहिलं नाव आईचं लिहिल्याची. त्यानं तीही उचलली. शब्द चुकला नाही, ताल सुटला नाही. दिशा ओला स्पीकर छातीशी धरून उभी होती आणि तिचा पदर भिजत होता. भामाबाई सूप बाजूला सारून टाळ्यांचा ठेका धरू लागली. गाणं संपलं तेव्हा अंगणात चार-पाच माणसं जमली होती, आणि भीमराजनं त्यांना वाकून जय भीम केला.

मग तो खाली मांडी घालून बसला आणि ताटाची वाट बघू लागला.

रंगुबाईच्या ध्यानात आलं. कार्यक्रम झाला की पार्टीला गावाचं जेवण असायचं. ते नाकारणं म्हणजे गावाचा अपमान. तिनं ताट आणलं, भाकरी, डाळ, आणि दिशानं केलेला गुळशेंगदाण्याचा लाडू. तो जेवला. मागून घेऊन जेवला. तेवढ्यात पाळी संपवून अमृत आला आणि गाडी बंद करायचीही विसरून दारातच उभा राहिला.

भीमराज मात्र समोरच्या बाईकडे कौतुकानं बघत होता.

"बाई, लई खडा आवाज हाय तुमचा," तो म्हणाला. "आमच्या पार्टीत या."

"मालकाला इचारावं लागंल," रंगुबाई म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

"मी बोलतो त्यांच्याशी. न्हाई म्हनायचे न्हाईत."

लाडू त्यानं खाल्ला नाही. खिशातून रुमाल काढून त्याच्या कोपऱ्यात तो बांधला आणि खिशात जपून ठेवला. घरी बायको हाय, तो म्हणाला. पूर्वी दर कार्यक्रमाहून तो असंच काहीतरी बांधून आणायचा, आणि घरी पोचेपर्यंत त्याचा भुगा झालेला असायचा.

अमृतनं नगरला फोन करून सांगितलं, आबांना आणत नाही.

जेवून भीमराज खाटेवर आडवा झाला. त्याचा काढून ठेवलेला सदरा रंगुबाईनं धुवायला घेतला, खिशातला रुमाल सोडला. लाडवाचा भुगा झाला होता. तिनं धुण्याच्या दगडापाशी उभ्याउभ्याच तो खाल्ला, कण न् कण वेचून. मग पाण्यात सदरा बुडवताना तिच्या तोंडून ओळ गेली, मोठ्यानं, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. सवयीनं ती थांबली.

आतून, खाटेवरून, झील आली.