रिकामी खाच

बाबांनी गाडीच्या तेलाचे दोन्ही फिल्टर दोन तळहातांवर घेतले आणि भाजी तोलावी तसे खालीवर केले. डाव्या हातातला थोरलीने कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला. दुकानदाराने गाडीचं वर्ष विचारून फळीवरून तीन खोकी उतरवली होती आणि त्यातलं एक निवडलं होतं. उजव्या हातातला धाकटीने पाच तासांच्या प्रवासात कपड्यांत गुंडाळून आणलेला.

"बसतील दोन्ही," बाबा म्हणाले. उजव्याच्या भोकांवरून त्यांनी बोट फिरवलं. "पण याच्यात झडप आहे. गाडी उभी असली की तेल खाली उतरत नाही."

"माझ्यातही आहे. विचारून घेतलाय," थोरली म्हणाली.

"असेल. तुझा पुढच्या खेपेला लावू."

थोरलीने आपला फिल्टर खोक्यात परत घातला, झाकणाची कड नीट दाबली.

"पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय."

"ताई, अगं फिल्टर आहे तो, स्थळ नाही," धाकटी म्हणाली. बाबाही हसले.

गाडी सत्तावीस वर्षांची होती. गेली अकरा वर्षं ती थोरलीच चालवत होती. आता दर सोमवारी आणि गुरुवारी बाबांना दवाखान्यात हातांच्या व्यायामाला नेणं, बाहेर बाकावर तासभर बसणं, परत आणणं. तेल मात्र बाबा स्वतः बदलायचे. दोन वर्षांपूर्वी बोटं आखडली, तेव्हा त्यांनी हत्यारांची पेटी धाकटीच्या पुढ्यात सरकवली. तिचा हात हलका आहे, म्हणाले. तेव्हापासून गाडीचं तेल धाकटी कधी येते याची वाट बघत असे.

जुनं तेल घमेल्यात उतरलं होतं. धाकटीने बॉनेटखाली वाकून फिल्टरभोवती पट्ट्याचा पाना अडकवला, एक हिसका दिला. काळा ओघळ तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

"शाब्बास," बाबा तिच्या खांद्याशी उभे राहून म्हणाले. "आमची इंजिनियर."

थोरली गाडीच्या दुसऱ्या बाजूला फडकं घेऊन उभी होती. धाकटीने जुना फिल्टर तोंड वर करून घमेल्यात ठेवला. त्याच्या तोंडाभोवतीची खाच रिकामी होती. तिथे काळी रबरी रिंग असायला हवी होती. म्हणजे ती वर इंजिनालाच चिकटून राहिली होती. आता नवा फिल्टर आपल्या रिंगसह तिच्यावर बसणार; रिंगवर रिंग. हाताला घट्ट लागेल, पण रस्त्यावर जोर आला की तेल बाहेर फेकलं जाईल. गाडीचं पुस्तक थोरलीने दवाखान्याच्या बाकावर तीनदा वाचून काढलं होतं.

तिने तोंड उघडलं.

"असं पाहिजे काम," बाबा म्हणाले. "बाकीच्यांना नुसती घाई."

थोरलीने तोंड मिटलं. हातातलं फडकं तिने घमेल्यात, जुन्या फिल्टरवर टाकलं.

धाकटीने नव्या रिंगला बोटभर तेल लावलं, फिल्टर हातानेच फिरवून घट्ट केला, नवं तेल ओतलं. इंजिन दोन मिनिटं चालवून खाली वाकून पाहिलं. थेंबही नव्हता.

साडेतीनला ती निघाली. टॅक्सी वळेपर्यंत बाबा फाटकाशी उभे होते. थोरली स्वयंपाकघरात कप विसळत होती आणि फोनवर बोलायचं वाक्य जुळवत होती. 'काही नाही गं, तुझा फिल्टर जरा गळतोय.' तिने ते 'जरा' काढून पाहिलं. मग परत घातलं.

बाबा दारात आले.

"पाना कुठं ठेवलाय तिनं?"

"कशाला?"

"फिल्टर परत उतरवायचाय ना."

थोरलीने नळ बंद केला.

"जुनी रिंग राहिलीय आत," ती म्हणाली.

"अच्छा. रिंग होय."

"म्हणजे? तुम्हाला दिसली नव्हती?"

"मला कुठली दिसतेय? चष्मा आत राहिला होता. पण चार हातांवरचं लख्ख दिसतं मला." बाबा खुर्चीवर टेकले. "तू तोंड उघडलंस, मिटलंस, मग फडकं टाकलंस."

ती परत कपांकडे वळली. ते सगळे धुऊन झाले होते.

"मग तेव्हाच विचारायचं होतं."

"तिच्यासमोर? मग तुला उत्तर द्यावं लागलं असतं."

थोरली बॉनेटखाली वाकली तेव्हा बाबा शेजारी उभे राहिले. फिल्टर सहज सुटला. रिंग इंजिनाला चिकटली होती. कड नखात येईना. तेवढ्यात बाबांच्या खिशातला फोन वाजला.

"हं, बस मिळाली का? बरं. गाडीचं मला नको विचारू, ताईला विचार." थोरलीचे दोन्ही हात तेलात होते. बाबांनी आखडलेल्या बोटांनी फोन तिच्या कानाला लावून धरला.

"ताई, गळत नाहीये ना गं?" धाकटी विचारत होती. "मला सारखं वाटतंय, काहीतरी राहिलं."

रिंग सुटून थोरलीच्या हातात आली. तिने ती मुठीत धरली.

"काही राहिलेलं नाही," ती म्हणाली. "तू झोप आता बसमध्ये."