रुक्माक्कानं पंगत उठवली

रामनगरच्या बसस्टँडाजवळ रुक्माक्काची खानावळ. दुपारी दीडच्या सुमारास गोव्याकडं निघालेले ट्रकवाले जेवायला बसतात, तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशीही टेबलं गच्च भरली होती. भात आणायला गेलेली रुक्माक्का स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

"नागेश, गॅसचा वास येतोय रे!"

तिचा आचारी नागेश दोन दिवस सर्दीनं बेजार होता. "सुक्या बांगड्याचा असंल, अक्का," म्हणत त्यानं पंख्याच्या बटणाकडं हात नेला.

"हात लावू नको! ठिणगी पडंल."

अक्कानं आधी दोन्ही सिलिंडरचे कॉक बंद केले, शेगड्या विझल्या. ती खाली वाकली. जमिनीलगत वास आणखी उग्र होता. मागचं दार, खिडक्या सताड उघडून ती बाहेर आली.

"ताटं घ्या आणि रस्त्यापलीकडं चला. गॅस सुटलाय. मोबाईल, काडेपेटी कुणी काढायची न्हाई."

खानापूरचा ड्रायव्हर कान्हू कुरकुरला, "आमटी तरी संपू द्या, अक्का."

"आमटी तिकडंबी तशीच लागती. ऊठ!"

पाच मिनिटांत अठरा माणसं समोरच्या बंद दुकानाच्या पायऱ्यांवर ताटं घेऊन बसली. एका बसच्या कंडक्टरनं खिडकीतून विचारलं, "कुणाचं लगीन हाय?"

"लगीन न्हाई," कान्हू म्हणाला, "अक्काच्या नाकाचा सत्कार हाय!"

तासाभरानं वास पुरता गेला. एजन्सीचा माणूस आला. त्यानं नळीवर साबणाचा फेस लावून कॉक जरासा उघडला. तांदळाच्या पोत्यामागं, उंदरानं कुरतडलेल्या जागी, भराभर बुडबुडे आले. नागेश पोत्यावरच बसला.

"अक्का, मी पंखा लावला असता तर..."

"लावला न्हाईस न्हवं? मग ऊठ." एवढं बोलून अक्का ताक ओतायला वळली.

आठवड्याभरात सिलिंडर मागच्या भिंतीबाहेर जाळीच्या पिंजऱ्यात गेले, आत नवी नळी आली. दर सोमवारी नागेश वाटीत फेस करून सगळे सांधे तपासू लागला. तिसऱ्या सोमवारी शेजारचा चहावाला परशू दारात आला.

"आमच्याबी नळीला जरा फेस लावून बघ की."

नागेश वाटी घेऊन निघाला.