परकराचा दोरा

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवावा लागतो, तेव्हा कुठे तो घुमतो. विभा गेल्यापासून दहा महिने शालिनीने तंबोऱ्याला हात लावला नव्हता. बारा वर्षांची पोर विषमज्वराने आठ दिवसांत हातची गेली होती. १९६१च्या दिवाळीनंतर चांदपोलकडच्या एका म्हाताऱ्या, वाद्यं दुरुस्त करणाऱ्या साजवाल्याने तिला सांगितलं, लेकीच्या कपड्यातला दोरा घाला, ती गायला येईल. "मगर एक ही बार, बाईसा. मरे हुए के पास अपनी आवाज़ नहीं होती. जो उसे याद रखते हैं, उन्हीं से लेती है." लेक येईल, एवढंच शालिनीने ऐकलं. आईच ती, दुसरं काय ऐकणार?

राजा पार्कमधल्या भाड्याच्या घरात, दिवेलागणीला, तिने विभाच्या परकराचा दोरा घालून तार छेडली. खोलीत विभाच्या आवाजात यमन उमटला. उतरताना विभाचा मध्यम जिथे निसटायचा तिथेच निसटला, आणि शालिनीला हुंदका आवरेना. याच चुकीवरून तिने पोरीला किती रागावलं होतं! एकदाच कुठलं, ती रोज संध्याकाळी तंबोरा घेऊन बसू लागली.

तिचे यजमान नागनाथराव विमा कंपनीत अधिकारी. लेक गेल्यापासून धड जेवले नव्हते, ते आता पोळी मागून घेऊ लागले. सुंठीवाचून खोकला गेला, असं शालिनीला वाटलं. मग एके दिवशी त्यांनी विभाच्या चपला कामवालीच्या मुलीला देऊन टाकल्या. कुणाच्या कोण जाणे, उगाच पडल्या होत्या म्हणाले. साजवाल्याचं उरलेलं बोलणं शालिनीला तेव्हा आठवलं: लेक आवाज घेत होती तो बापाच्या आठवणीतून. आता पुरे, असं तिने मनाशी ठरवलंही. पण संध्याकाळ झाली की हात तंबोऱ्याकडे जायचाच, आणि स्वतःची लाज वाटत असूनही ती ऐकत राहायची.

डिसेंबरात एकदा नागनाथराव लवकर घरी आले. आत आवाज छान लागला होता. ते बाहेरच्या खोलीत डोळे मिटून बसले. बाप आहे, आता तरी ओळखेल, म्हणून शालिनी जीव मुठीत धरून तार छेडत राहिली.

"कुणाची मुलगी गं ही?" त्यांनी बाहेरून विचारलं. "गोड गाते. आपल्याला मूल असतं, तर तूही शिकवलं असतंस."

विभासाठी रडणारं त्या घरात आता शालिनीखेरीज कुणी उरलं नव्हतं. उद्या तीही विसरली, की ही पोर कधी जन्मलीच नव्हती. आत चीज अंतऱ्यावर आली होती. शालिनीने गाणाऱ्या लेकीला मध्येच तोडून दोरा ओढून काढला.

"थांबली का? उद्याही ये म्हणावं तिला."

"ती नाही यायची आता," शालिनी म्हणाली, आणि त्यांनी कारण विचारू नये म्हणून पदर तोंडात धरून रडली.