सेलेदोनियोच्या सूचना

सेलेदोनियो बार्रासाच्या हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला खोलीची किल्ली लगेच मिळत नसे. आधी त्याचं भाषण ऐकावं लागे.

हॉटेल सीमेवरच्या तिहुआना शहरात, ला रेवो नावाच्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत. ला रेवो म्हणजे नाचघरं, बार, टॅकोच्या गाड्या, गळ्यात अकॉर्डियन अडकवून गिऱ्हाईक हेरणारे वादक आणि अंगावर झेब्र्याचे पट्टे रंगवून फोटोसाठी निमूट उभं राहिलेलं गाढव. सीमा ओलांडून पलीकडची माणसं यायची ती यासाठीच. सेलेदोनियो किल्ली बोटात फिरवत त्यांना सांगायचा, "हे बघा, टॅक्सी थांब्यावरचीच घ्या. बाटली तुमच्यासमोर उघडायला लावा. गाण्याची फर्माईश करण्याआधी भाव ठरवा. परतताना सगळे बरोबर या."

इथवर सगळं शहाणपणाचंच होतं. पण मग तो पुढे वाकून आवाज खाली आणायचा, "आणि तिथल्या लोकांना फार मनावर घेऊ नका. तिथं सगळंच विकाऊ. हसणंसुद्धा!"

"सेले, पाहुण्यांना फिरायला पाठवतोयस की लढाईला?" त्याची बायको ओतिलिया स्वयंपाकघरातून ओरडायची.

"त्यांच्या भल्याचंच सांगतोय गं!" तो म्हणायचा, आणि त्याला ते अगदी मनापासून वाटायचं.

एका शनिवारी सीमेपलीकडच्या फ्रेस्नोहून चार तरुण आले. त्यांतल्या डस्टिनचं लग्न तोंडावर आलं होतं, म्हणून मित्रांनी त्याला मौजमजेला आणलं होतं. त्याला आजीकडून उचललेली मोडकीतोडकी स्पॅनिश यायची. त्याने भाषण हसत ऐकलं, मित्रांना समजावून सांगितलं, आणि चौघं टाळ्या देत बाहेर पडले.

ऊन पुरतं उतरलंही नव्हतं, तोच हॉटेलचं दार धाडकन उघडलं. कमरेला एप्रन बांधलेली एक मुलगी आत आली. मागोमाग डस्टिन आणि त्याचे मित्र, चेहरे पडलेले.

"काका, हे तुमचे पाहुणे ना?"

"हो. का? तू कोण?"

"मी नायेली. कोपऱ्यावरच्या ला सिरेना नाचघरात वाढपी आहे. हा तुमचा नवरदेव माझा व्हिडिओ काढत होता. मी नको म्हटलं. पुन्हा नको म्हटलं. तोंड फिरवलं, तर याने माझा हात धरून मला वळवलं. आणि म्हणतो काय, हॉटेलवाल्या काकांनीच सांगितलंय, इथं सगळंच विकाऊ असतं!"

सेलेदोनियो गडबडला. "मी असं... तसं नव्हतं म्हटलं मी. माझं म्हणणं, जपून राहा. आता तूच सांग पोरी, अशा ठिकाणी काम करायचं म्हटलं की थोडंफार..."

"थोडंफार काय?" हे नायेलीने विचारलं नाही. हात पुसत बाहेर आलेल्या ओतिलियाने विचारलं. "बोल ना, सेले. अर्धं कशाला गिळलंस?"

"तू मध्ये पडू नकोस."

"पडणार! ही माणसं पलीकडून येतात ती काय तुझं तोंड बघायला? ला रेवोवर नाच आहे, गाणं आहे, म्हणून आपल्या खोल्या भरतात. त्या रस्त्याचंच खातोस आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याच रस्त्याला नावं ठेवतोस. इतकी वर्षं ऐकतेय मी! पाहुण्याने आपल्या माणसांपासून स्वतःला कसं सांभाळायचं, ते सगळं सांगतोस. आपल्या माणसांशी त्याने कसं वागायचं, हे कधी सांगितलंस?"

सेलेदोनियोने उत्तरासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात नायेली शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही शेवटचं कधी आला होता हो आमच्याकडे?"

त्याला आठवेना. पन्नास पावलांवर ते नाचघर, आणि लग्नानंतर त्याने तिथं पाऊल टाकलं नव्हतं. मग तिथली माणसं कशी असतात, हे तो कोणाच्या जिवावर सांगत होता?

नायेलीने एप्रन नीट करायला हात उचलला आणि त्याला तिचं मनगट दिसलं. बोटांच्या खुणा अजून लाल होत्या. हवापाण्याच्या गोष्टी बोलाव्या तितक्या सहज त्याने ते वाक्य बोलून टाकलं होतं. आणि त्या वाक्याने जाऊन या मुलीचा हात पिरगळला होता! धरणारा हात डस्टिनचा, पण त्याला मोकळीक देणारी जीभ कोणाची?

"फोन काढ," तो डस्टिनला म्हणाला. आवाज बारीक होता, पण पोरगं दचकलं. "तिच्यासमोर पुसून टाक."

डस्टिनने व्हिडिओ पुसला. कानापर्यंत लाल झाला होता तो. "मला वाटलं, हा सगळा तमाशाचाच भाग असतो..."

"तसं तुला मी वाटायला लावलं. चूक आधी माझी." सेलेदोनियो काउंटरच्या मागून बाहेर आला. "पोरी, माफ कर. तुला न ओळखता मी तुझ्याबद्दल परक्या माणसांना सांगत सुटलो."

नायेलीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हाला माफ केलं, काका. याला इथं नाही करणार. मी नको म्हटलं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. माफीही तिथंच हवी."

मग काय, वरातच निघाली! पुढे नायेली, मागे चार तरुण, त्यांच्या मागे सेलेदोनियो आणि घाईघाईत लिपस्टिक लावलेली ओतिलिया.

ला सिरेनात गर्दी नुकती जमू लागली होती. डस्टिनने सगळ्यांसमोर मोडक्या भाषेत माफी मागितली. घाबरून त्याने 'मला लाज वाटते' म्हणायला इंग्रजीसारखा वाटणारा स्पॅनिश शब्द वापरला, त्याचा अर्थ निघाला 'मी गरोदर आहे', आणि सगळं नाचघर हसून लोटपोट झालं. अकॉर्डियनवाल्याने लगेच आशीर्वाद दिला, "जुळं होवो!" नायेलीलाही हसू आवरेना. पण हसून झाल्यावर ती म्हणाली, "ठीक आहे. आता नवरीला फोन करून काय केलंस ते तूच सांग." आणि डस्टिन खरंच बाहेर जाऊन फोन लावून उभा राहिला.

तेवढ्यात वादकांनी पोल्का नाचाची धून सुरू केली. ओतिलियाने नवऱ्याचा दंड धरला. "चल."

"अगं, मी विसरलोय सगळं!"

"मग माझे पाय तुडव. पण चल!"

आजही पाहुण्यांना किल्ली लगेच मिळत नाही. टॅक्सी, बाटली, गाण्याचा भाव, सगळं सेलेदोनियो सांगतोच, कारण परक्या गावात सावध राहायलाच हवं. पण सुरुवात तो अशी करतो, "आत शिरलात की आधी नमस्कार करा. वाढणाऱ्या मुलीचं नाव विचारा. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. आणि कोणी 'नाही' म्हटलं, तर ते दुसऱ्यांदा म्हणायला लावू नका. तुमची सुट्टी असते, त्यांचं ते काम असतं."

वाचकहो, आपणही कुठे कुठे फिरायला जातो, आणि आपल्याकडेही पाहुणे येतात. निघताना पाकीट सांभाळ म्हणून आपण एकमेकांना बजावतो, ते बरोबरच आहे. त्याच दमात एवढंही बजावूया, की तिथल्या माणसाचा मानही सांभाळ! रात्रीच्या दिव्यांखाली जो राबतो, त्याचा घाम काही कमी खारट नसतो.