मंगलाबाईच्या कपाळावरचं रक्त

“रगत! रगत निघालं!”

नाशिक रोडच्या रेल्वे चाळीमागच्या मैदानात एकच ओरडा झाला. मागची माणसं पुढच्यांच्या अंगावर रेलली. सिद्धबाबाच्या तळव्याखाली मंगलाबाईचं कपाळ लालभडक झालं होतं. ना सुरी, ना टाचणी, ना साधा ओरखडा. हळदीने माखलेल्या कपाळावरून बाबाने नुसता ओला हात फिरवला होता.

१९३५चा भाद्रपद होता. चाळीत घरोघरी माणसं तापाने पडली होती. हाडं मोडल्यासारखी दुखायची, अंगावर पुरळ उठायचं, काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त यायचं. बाबाने या तापाचं नाव ठेवलं रगत्या, आणि त्याच्या जातीही पाडल्या. नाकातून रक्त आलं तर नाकपित्या, हिरड्यांतून आलं तर दातपित्या. पोटपित्या सगळ्यांत खट. त्याला नारळ चालत नसे, कोंबडाच लागे. अट एकच होती : ताप चढल्या चढल्या रोगी आणायचा नाही. “आधी रगत्या पिकू द्या, मंग उतरवतो!”

मंगलाबाईचा नवरा सावळीराम स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलणारा सांधेवाला होता. तो तिचा हात धरून बसला होता. सकाळपर्यंत तव्यासारखं तापलेलं अंग आता गार पडलं होतं. पण नको तितकं गार. तळवे ओलसर, ओठ सुकलेले, आणि ती पोट धरून तळमळत होती.

“पाणी…”

“खबरदार!” बाबा गरजला. “ही नाय, रगत्या पाणी मागतोय! उद्या दिवस उगवायच्या आत थेंब दिला तर परत चढंल!”

“दाजी, ऐका त्यांचं,” मंगलाबाईची बहीण बयाबाई हात जोडून म्हणाली. “ताप गेला ना?”

सावळीरामला बारकू हमाल आठवला. त्याचाही ताप याच मैदानात उतरला होता. लोकांनी त्याला खांद्यावर नाचवलं, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. घरच्यांनी चोरून पाणी पाजलं, असं बाबाने सांगितलं होतं.

त्याने अंगठ्याने बायकोचं कपाळ पुसलं. लाल डागाच्या बाजूची पिवळी हळद त्याच्या बोटाखाली लाल झाली. तो दचकला. दुसऱ्या बाजूला बोट ओढलं, तिथेही लाल. मघाशी जिवाच्या घोराने त्याने तंबाखू मळली होती. अंगठ्याला चुना होता.

“बयाबाई, कुंकू कशाचं करत्यात?”

“हळदीचं. तिला चुना…” बयाबाईचं वाक्य तोंडातच राहिलं.

“बाबा, तुमचा हात दाखवा!”

बाबाने मूठ मिटली. एक चेला काठी घेऊन पुढे आला. तेवढ्यात दवाखान्यातले डॉक्टर रहेमान गर्दी सारत आले. मंगलाबाईला तपासायला गेले, तर घराला कुलूप; ते पाहून ते धावतच इकडे निघाले होते. त्यांनी मंगलाबाईची नाडी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“सावळीराम, पाणी पाजा. आत्ता! हा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी आपोआप उतरतो, आणि काही रोगी नेमके तेव्हाच खचतात.”

“आपोआप?” बाबा खदखदून हसला. “आरं, ताप आणतंय कोण, ते तरी सांग!”

“व्हायरस. जंतूंहून बारीक. जिवंत शरीरातच तो वाढतो, आणि डासामार्फत एकाकडून दुसऱ्याकडे जातो. आफ्रिकेतला पिवळा ताप याच जातकुळीतला. रक्त कुठून येतं यावरून याच्या जाती ठरत नाहीत, बाबा.”

“तू पाहिलास?”

“नाही. अजून कोणीच पाहिलेला नाही.”

“ऐकलंत? ह्याचंबी भूतच की!”

गर्दी हसली. डॉक्टर थांबले नाहीत.

“दिसत नाही, पण तपासता येतो. परदेशातल्या डॉक्टरांनी रोग्याचं रक्त जंतू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं. गाळून आलेलं निरोग्याला टोचलं, तरी ताप आला. रोग्याला चावलेला डास निरोग्याला चावू दिला, तरी आला. मी चुकत असेन तर प्रयोग मला खोटं पाडेल. तुमच्या रगत्याला खोटं कसं पाडायचं?”

“पाजशील तर मरंल ती!” बाबा सावळीरामवर ओरडला.

सगळं मैदान सावळीरामकडे पाहत होतं. कुणीतरी पुढे केलेला पाण्याचा तांब्या त्याने बायकोच्या ओठांना लावला.

ती प्यायली. दवाखान्यात डॉक्टरांनी शिरेतून सलाइन दिलं, बयाबाई घोटघोट पेज पाजत राहिली. दोन दिवस भरवसा नव्हता. तिसऱ्या दिवशी मंगलाबाईने स्वतःहून भाकरी मागितली. इकडे मैदानात माणसं आपापल्या तळहातावर हळद-चुना चोळून पाहत होती. तेवढ्यात बाबाने गाशा गुंडाळला.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी चाळीतल्या पाण्याच्या पिंपांत वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या लोकांना दाखवल्या. पिंपं उपडी झाली, घासली गेली, त्यांवर फडकी बांधली गेली. ताप हळूहळू ओसरला.

“औषध हाय का ह्याच्यावर?” सावळीरामने विचारलं होतं.

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “रोग्याला सांभाळायचं आणि डास होऊ द्यायचे नाहीत, एवढंच आज हातात आहे.”

वाचकहो, ‘एवढंच आज हातात आहे’ असं तोंडावर सांगणाऱ्या माणसाकडे रोगी आधी न्या. आणि सगळं माहीत असणाऱ्याला चार लोकांत विचारा : तुझं खोटं असेल, तर ते आम्हाला कळणार कसं? तो चिडला, तर तिथे क्षणभरही थांबू नका.